पाण्याची पाळी

झावळ्यांच्या रविवारची उपासना संपली. पोरांनी ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या होत्या, त्यांचा कचरा सतरंजीभर पडला होता. पाळकसाहेबांनी खिशातून कागद काढला आणि शुभ शुक्रवारची यादी वाचून दाखवली.

आमच्या मंडळीत शुभ शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्त वधस्तंभावर असताना सात वेळा बोलला. ते सात उद्गार सात जणांनी आपापल्या परीनं उलगडून सांगायचे, मधेमधे गीतं म्हणायची, अशी जुनी रीत आहे. बाहेर ऊन मी म्हणत असतं. वरचा पत्रा तापलेला असतो. म्हाताऱ्या पदरानं वारा घेतात, पोरं एकमेकांच्या खांद्यावर पेंगतात. त्या दिवशी बरेच जण उपाशी असतात, त्यामुळे पाचवा उद्गार, म्हणजे तहानेचा, येईपर्यंत सगळ्यांचेच घसे कोरडे पडलेले असतात. तो उद्गार आमच्या नेवासे तालुक्यात फारसा समजावून सांगावा लागत नाही.

यंदा पहिला उद्गार माझ्या वाट्याला आला. पहिला म्हणजे क्षमेचा. खिळे ठोकणाऱ्यांना आपण काय करतोय ते कळत नाही, असं सांगून तो पित्याजवळ त्यांच्यासाठी क्षमा मागतो, तो.

यादी वाचून झाली तेव्हा मी मान वळवली नाही. माझ्यामागं दोन ओळी सोडून, भिंतीला टेकून माझा धाकटा भाऊ बसतो. सहा वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. देऊळ एक, वडलांची कबर एक, शेताचा रस्ता एक. (आमच्याकडं चर्चला जुनी माणसं अजून देऊळच म्हणतात.) पण समोरासमोर आलो की एकाला नेमका बुटाचा बंद बांधायचा असतो आणि दुसऱ्याला आभाळाकडं बघायचं असतं.

खेड्यात भावाभावांचं वाकडं येतं ते बहुतेक बांधावरून, नाहीतर पाण्यावरून. आमचं पाण्यावरून आलं. वडील गेल्यावर सहा एकरांची वाटणी झाली, त्यात विहीर माझ्या हिश्श्यात आली. तीन दिवस माझी पाळी, तीन दिवस त्याची, आणि रविवारी मोटर बंद, असं ठरलं. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. माझं शेतही भाऊच बघायचा. मग मी रिटायर झालो, गावी आलो, आणि म्हातारपणी शेतीची हौस फुटली. लिंबं लावली. २०१८ ला पावसानं दगा दिला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. अर्धा तास मोटर चालली की पाइपातून नुसती हवा फुसफुसायची. अशात एका रात्री भावानं कुदळ घेऊन माझी पाइपलाइन फोडली.

ही हकीगत मी सहा वर्षं सगळ्यांना अशीच सांगत आलो. सोयऱ्यांना, पाळकसाहेबांना, तहसीलच्या पायरीवर वकिलाला. ऐकणारा म्हणायचा, "मास्तर, तुम्ही म्हणून सहन केलं." मला ते बरं वाटायचं.

त्या रविवारी रात्री पुढ्यात वही घेऊन बसलो. क्षमेवर बोलायचं म्हणजे काय बोलायचं? मनात येत होतं की मी भावाला माफ केलं, असंच देवळात उभं राहून सांगावं. बायका डोळे पुसतील, आठवडाभर गावात नाव निघेल. पेन उचललं आणि आजीची खापरी आठवली. पेन खाली ठेवलं.

*

माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, म्हणून आजीला गाव 'मास्तरीण' म्हणायचं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. पुढं खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या, मंडळ्या उभ्या राहिल्या. आमचं घराणं महारवाड्यातलं. वाडवडलांनी बाप्तिस्मा घेतला, पोरं लिहाय-वाचायला लागली, घरात रेव्हरंड टिळकांची गीतं टाळ-मृदंगावर घुमायला लागली. पण आमचा धर्म बदलल्याची खबर गावच्या विहिरीला नव्हती. आमच्या बायांनी लांब उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर तिनं वरून मडक्यात पाणी ओतायचं, हा शिरस्ता तसाच चालू होता.

महाडला चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, त्याच्या आसपासचा हा काळ. आजी नवी नवरी होती. एका भर दुपारी तिच्या मडक्याची कड पाटलाघरच्या बाईच्या घागरीला लागली. नुसती लागली. त्या बाईनं दगड उचलला आणि मडकं फोडलं. पाणी मातीत गेलं. आजीनं खापऱ्या पदरात गोळा केल्या आणि घरी आली. त्यातली तळाची मोठी खापरी तिनं ठेवून दिली. जपून ठेवली असं नव्हे, कामाला लावली. तेव्हा शेजारून विस्तव मागून आणायची पद्धत होती. त्या खापरीवर ती निखारे आणायची. पुढं काड्यापेटी आली तरी खापरी चुलीमागच्या देवळीत पडलेली असायची. मी लहानपणी बघितली तेव्हा ती काळीठिक्कर झाली होती.

नंतर केव्हातरी मिशननं वस्तीला ओढ्याच्या काठाला स्वतंत्र विहीर खणून दिली. आमच्या बायांचं गावविहिरीवर जाणं बंद झालं. दोन विहिरी, दोन वाटा, आणि कुणी कुणाला शिवायचा प्रश्नच उरला नाही. गाव म्हणालं, बरं झालं, तंटा मिटला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माझं वय दहा-अकराचं. आई-बाबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. आम्ही पोरं सुकडी खायचो आणि तांबड्या मिलोची भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर उतरवायचो. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावविहीर आटली. खाली काळा खडक उघडा पडला. वस्तीची विहीर ओढ्यालगत होती, तिला रात्रभर पाझरून सकाळी कंबरभर पाणी असायचं.

त्या साली ईस्टर २२ एप्रिलला होता. शुक्रवारी, २० तारखेला, दुपारी आम्ही देवळाकडं निघालो तर आमच्या विहिरीपासून जरा लांब सात-आठ बाया हंडे घेऊन उभ्या. सगळ्या गावातल्या. पुढं पाटलाची सून. मडकं फोडणाऱ्या बाईची सून. लांब उभ्या होत्या, कारण आमच्या विहिरीच्या काठावर यायचं कसं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

बाबा भडकले. "आता बरी वस्ती आठवली! इतके दिस..."

आजीनं त्यांना हातानंच थांबवलं. "तू देवळात जा. उशीर व्हतोय." मग ती त्या बाईकडं वळली.

"पाटलीणबाई, तुमच्या सासूनं माजं मडकं फोडलं व्हतं. भर उन्हात. म्या इसरले न्हाई."

बाई खाली बघत होती. म्हणाली, "ठावं हाय मला. घरात सांगत्यात."

"मंग झालं. पोहरा आमचा हाय. चालंल का?"

"चालंल."

"आन् रांग येकच. जिचा हंडा आधी, तिचं पानी आधी. आमची बाई आधी आली तर आमची आधी."

"बरं, मास्तरीणबाई."

'बाई' हा शब्द गावाच्या तोंडून आजीला तेव्हा पहिल्यांदा ऐकायला मिळाला. पाऊस पडेपर्यंत जवळजवळ दोन महिने ती एक रांग चालली.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. अंगणात त्यांचे एक दोस्त आले होते. आमच्या भावकीतली बरीच घरं १९५६ नंतर बौद्ध झाली होती, हे काका त्यांतले. वाचणारे, सभेत बोलणारे. ते आजीला म्हणाले, "म्हातारे, तुमच्या धर्मानं तुमाला गिळायला शिकवलं."

"गिळलं कुटं? तोंडावर सांगितलं की."

"तिनं माफी मागितली का?"

"न्हाई."

"मग तू माफ कसं केलंस?"

आजी भाकरी थापत होती. म्हणाली, "माफ केलं आसं म्या कुटं म्हनले? पानी दिलं. तान लागल्याली बाई दारात आली, तिला पानी द्याया माफी कशाला लागती? माफीचं त्या वरच्यावर सोपवलंय. मला जमंल तवा जमंल."

*

आजीचं हे बोलणं मला फार उशिरा कळलं. कळलं असंही म्हणवत नाही, कळायला लागलं.

काकांचा सवाल मात्र मला तेव्हाही खरा वाटला होता, आजही वाटतो. दुबळ्याला क्षमा करायला सांगणं फार सोपं असतं. गावात तंटा झाला की चार शहाणी माणसं येतात आणि म्हणतात, झालं गेलं विसरा. हे म्हणणाऱ्याचं मडकं सहसा फुटलेलं नसतं. ज्याचं फुटलं त्यानं विसरायचं, ज्यानं फोडलं त्यानं आधीच विसरलेलं असतं, आणि मग गावात शांतता नांदते म्हणायचं. अशा शांततेला क्षमेचं नाव देणारा उपदेश मी देवळात पुष्कळ ऐकला आहे. मास्तर म्हणून शाळेतही तेच केलं. दोन पोरं भांडली की हातात हात द्यायला लावायचे आणि पुढचा धडा सुरू करायचा. कुणी कुणाची पाटी फोडली ते विचारायला वेळ नसायचा.

पण शुभवर्तमानात शोधायला लागलो तर असलं विसरणं सापडेना.

वधस्तंभावरची ती प्रार्थनाच घ्या. ख्रिस्तानं याआधी माणसांना तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या पापांची क्षमा झाली. छप्पर उघडून खाली सोडलेल्या त्या पक्षघात झालेल्या माणसाला सांगितलं होतं. इथं मात्र तो शिपायांशी बोलत नाही. पित्याशी बोलतो, आणि क्षमेचं काम त्याच्याकडं सोपवतो. विद्वान लोक याचा अर्थ काय लावतात ते लावोत. मला त्यात आजी दिसते. ज्याच्या हातात खिळे घुसलेले आहेत, त्यानं त्याच घटकेला मनातून मोकळं व्हावं, असा हट्ट तिथं धरलेला नाही. मला जमत नसेल तर मी ते वर सोपवू शकतो. पण सोपवणं म्हणजे टाकून देणं नव्हे. त्यासाठी आधी, घडलं ते घडलं, असं म्हणावं लागतं. ज्याला घडलंच नाही म्हणायचं आहे, त्याच्याजवळ सोपवायला काय आहे?

आणि तिसऱ्या दिवसाची गोष्ट. ईस्टरला आम्ही नवे कपडे घालतो, गोडाधोडाचं करतो, मरण हरलं म्हणून गातो. पण योहानानं लिहिलेलं नीट वाचा. बंद दारांआड भ्यालेले शिष्य बसलेत, तिथं तो येतो, शांती असो म्हणतो, आणि पहिल्यांदा काय दाखवतो? हात आणि कूस. थोमा तेव्हा तिथं नसतो, म्हणून आठ दिवसांनी पुन्हा येतो आणि त्यालाही तेच दाखवतो. मरणातून उठलेल्या अंगावर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. ज्याला थडगं अडवू शकलं नाही, त्याला त्या खुणा पुसून टाकणं अवघड होतं का? पण ठेवल्या. लहानपणी मला हे कोडं पडायचं. आता वाटतं, खुणा पुसल्या असत्या तर आमच्यासारख्यांना तो ओळखूच आला नसता.

पेत्राचंही तसंच. त्यानं तीनदा नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाजवळ, थंडीत हात शेकताना. पुढं तळ्याच्या काठी उठलेला ख्रिस्त त्याला भेटतो, तिथंही कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, वर मासे आहेत, भाकर आहे. आधी जेवू घालतो. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं योहान लिहितो. वाटणारच. जितक्या वेळा तोडलं, तितक्या वेळा त्या जागेवर बोट ठेवलं. 'झालं गेलं विसरा' हा शब्द तिथं नाही. पण बोट ठेवून झाल्यावर लगेच मेंढरं त्याच्या हवाली केली आहेत, तेही तितकंच खरं. एवढं वाचल्यावर मला आजीच्या त्या खापरीचा अर्थ लागला. फोडल्याची खूण तिनं लपवली नाही, तिची पूजाही केली नाही. त्याच खुणेवर विस्तव आणून चूल पेटवली.

हे सगळं वहीत उतरवलं. बरं जमलं होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी रात्री संदर्भ बघायला मत्तय उघडला आणि डोंगरावरच्या प्रवचनात अडकलो. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं भावाची आठवण झाली तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं तिथं सांगितलं आहे. शेकडो वेळा वाचलेलं. दर वेळी मी ते असं वाचत होतो, की माझ्या मनात भावाविषयी काही असेल तर. तसं ते नाहीच. भावाच्या मनात माझ्याविषयी काही असेल तर, असं आहे.

आता हकीगतीचा उरलेला भाग सांगतो. तो मी सहा वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

२०१९ च्या एप्रिलात विहिरीचं पाणी उतरलं तेव्हा मी भावाची पाळी बंद केली. विहीर माझ्या हिश्श्यात होती, पेटीची किल्ली माझ्याकडं होती. माझी लिंबं कोवळी होती. 'चार दिवस थांब' म्हणालो. चाराचे आठ झाले, आठाचे अठरा. भावाची दोनशे डाळिंबं होती, पाचव्या वर्षाची, धरती झाडं. तो दोनदा दारात आला. पहिल्या वेळी मी कागद दाखव म्हणालो. दुसऱ्या वेळी मी आत होतो, पण नाही म्हणून सांगायला लावलं. पानं गळाली, काटे उभे राहिले, आणि मग एका रात्री त्यानं कुदळ उचलली.

मी क्षमेवर बोलणार होतो, आणि बोलताना स्वतःला आजीच्या जागी बसवलं होतं. विहिरीवर दगड उचलणाऱ्या बाईची जागा कुणाची होती, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्हाला पिढ्यान् पिढ्या पाण्यासाठी लांब उभं केलं, हे मी शाळेत शिकवत होतो, भाषणात सांगत होतो. आणि किल्ली हातात आल्यावर मी सख्ख्या भावाला लांब उभं केलं. पाण्यावर ज्याचा हात, त्याची जात कुठलीही असो, त्याला दगड सापडतोच.

*

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन असतं. भाकर घेतली नाही, प्याला पुढं गेला तोही घेतला नाही. शेजारचा माणूस माझ्याकडं बघत राहिला. देवळात उभं राहून सगळ्यांसमोर कबूल करावं, असंही एकदा मनात आलं. पण ज्याचं देणं त्याच्या दारात न जाता गावासमोर फेडायला निघणं, म्हणजे पुन्हा माझंच नाव मोठं करणं झालं असतं. जक्कय पंक्तीत उभा राहून बोलला खरा. पण तो नुसतं चुकलो म्हणाला नाही, चौपट परत देतो म्हणाला.

उपासना संपल्यावर भावाच्या घरी गेलो. दारात कुत्रं भुंकलं, ते मला ओळखत नव्हतं. भावजय बाहेर आली, पदर सावरला, "भाऊजी, या" म्हणाली, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या समोर ठेवलेला आणि माझ्याच्यानं उचलवेना.

भाऊ खाटेवर बसला होता. उठला नाही.

मी म्हणालो, "तुझी पाळी मी बंद केली होती. पाइपाच्या आधी. आधी मी."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा, हे तू आज सांगतोय?"

"हो."

"अठरा दिवस. म्या मोजले व्हते."

"अठराच."

"दोनशे झाडं व्हती. ती परत येणार हायेत का?"

"नाहीत."

"मग?"

या 'मग'चं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी म्हणालो, "पाळी उद्यापासून चालू. किल्लीची दुसरी चावी करून देतो. तहसीलातला अर्ज मागं घेतो. झाडांचं जे होईल ते चार माणसांत बसून ठरव, मी देईन."

"माफ केलं, आसं म्या म्हननार न्हाई."

"म्हणू नको."

मी पाणी प्यालो आणि उठलो. त्यानं दारापर्यंत यायला हवं होतं असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

शुक्रवारी मी पहिल्या उद्गारावर बोललो. वही नेली नव्हती. आजीचं मडकं, पाटलाची सून, एक रांग, एवढंच सांगितलं. शेवटी म्हणालो की क्षमेवर बोलायचा अधिकार ज्याचं फुटलं त्याला आहे, ज्यानं फोडलं त्यानं देणं फेडायचं बघावं. जेमतेम सात-आठ मिनिटं झाली. पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, यंदा लवकर उरकलं." मागं दोन ओळी सोडून भिंतीला टेकून भाऊ बसला होता. त्याच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

शनिवार हा या आठवड्यातला सगळ्यात गप्प दिवस. उपासना नाही, गीत नाही. ख्रिस्त थडग्यात आहे, आणि पुढं काय होणार हे शिष्यांना ठाऊक नाही. मला या दिवसाचं फार काही कधी वाटलं नव्हतं. यंदा सकाळी विहिरीवर गेलो, भावाच्या पाइपाचा कॉक उघडला आणि मोटर चालू केली. त्याच्या रानात आता डाळिंब नाही, कडवळ आहे. पाणी पाटानं निघालं. वाळलेल्या मातीनं पहिलं पाणी गटागट पिऊन टाकलं, पुढं सरकूच देईना. मी बांधावर बसून राहिलो. तो आला नाही. पाळी संपली तेव्हा मोटर बंद केली आणि घरी आलो.

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी प्रभातफेरी काढते. अंधारात टाळ वाजवत, गात कबरस्तानाकडं जायचं आणि तिथं सूर्य उगवताना उपासना करायची. आदल्या दिवशी घरोघरच्या लोकांनी आपापल्या कबरी झाडून, चुना मारून ठेवलेल्या असतात. वडलांच्या कबरीला सहा वर्षं आम्ही दोघं वेगवेगळं जाऊन चुना मारतो. जो आधी जाईल तो पुरी कबर रंगवतो, दुसऱ्याला काम उरू नये म्हणून. यंदा माझं जाणं राहूनच गेलं होतं.

उजाडलं तेव्हा बघितलं. कबरीची अर्धी बाजू पांढरी होती. अर्धी तशीच, गेल्या वर्षीच्या पावसानं डागाळलेली. उशाशी बादली होती, तीत चुना शिल्लक होता, वर कुंचा आडवा ठेवलेला.

भाऊ पलीकडं आईच्या कबरीशी फुलं ठेवत उभा होता. माझ्याकडं बघितलं नाही.

लोक गात होते. मी नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि कुंचा उचलला.

झाडांचा हिशोब अजून व्हायचा आहे. चार माणसं अजून बसलेली नाहीत. भाऊ बोलतो ते मोटरीपुरतं, कॉकपुरतं. त्यानं माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही, आणि ते विचारायचा हक्क माझा नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार माझी पाळी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार त्याची. रविवारी मोटर बंद असते.